तारलीच्या मागावर : मालवण ते मिरकरवाडा

मासे खायला कोकणात जाणारे पुष्कळ असतात. यंदा त्रिपुरी पौर्णिमा उलटल्यावर आम्ही दोघं निघालो ते एकाच माशासाठी. तारली. वीतभर लांबी, पाठ निळसर हिरवी, पोट चंदेरी, अंगात तेल आणि काटे दोन्ही भरपूर. हॉटेलांच्या फळ्यावर पापलेट, सुरमई, कोळंबी असते, तारलीचं नाव क्वचितच दिसतं. पण भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर सर्वात जास्त निघणाऱ्या माशांमध्ये तिची गणती होते आणि ती आली की गरिबाच्या ताटात मासा येतो. 2012 साली एकट्या केरळात 3.9 लाख टन तारली मिळाली होती. 2021 साली ती 3,297 टनांवर आली. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे हे आकडे वाचले तेव्हापासून मनात होतं, की आपल्या किनाऱ्यावर काय चाललंय ते एकदा जाऊन बघायचं.

शुक्रवार : मालवण

रात्रीच्या गाडीने सकाळी कुडाळ, तिथून एसटीने मालवण. मालवणला लागूनच असलेल्या वायरी गावात, घरगुती खानावळ असलेल्या एका घरात उतरलो. काकूंना आधीच फोनवर सांगितलं होतं, की आम्हाला किल्ला आणि स्कूबा नको, रापण, म्हणजे माणसांनी किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, बघायची आहे. त्या हसल्या नाहीत. "रापण काय रोज लागणा नाय. वारो बघूक व्हयो, पाणी बघूक व्हया," म्हणाल्या आणि शेजारच्या तांडेलांना, म्हणजे रापणीच्या म्होरक्यांना, निरोप पाठवला.

संध्याकाळी किनाऱ्यावर लिलाव बघायला गेलो. न्हय म्हणतात ती जाळी घेऊन गेलेल्या छोट्या होड्या एकेक करून लागत होत्या. टोपल्या वाळूत उतरल्या की भोवती बायकांचं कडं. बोली इतकी भरभर चालते, की नवख्या माणसाला कोणी किती म्हटलं ते कळतच नाही, टोपली उचलली गेली की समजायचं. बांगडा होता, थोडी सुरमई होती, एका टोपलीत मुडदुशे. तारली फक्त दोन टोपल्या. एका मासेवालीने त्यातली एक उचलून माझ्यासमोर धरली. डोळा स्वच्छ, कल्ल्याच्या आत लालभडक रंग, पोट कडक. "पोट फुटलेला घेव नको. तेल सुटता," तिने सांगितलं. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. तारली फार लवकर खराब होते, दुपारपर्यंत बर्फाशिवाय राहिलेली घेऊ नये.

रात्री काकूंनी त्याच तारलीचं तिरफळ घातलेलं तिखलं केलं. ओलं खोबरं, सुकी मिरची, आमसुलं आणि शेवटी ठेचलेली तिरफळं. सोबत उकड्या तांदळाचा भात. तेलकट माशाला तिरफळ का लागतं ते पहिल्या घासाला कळतं. त्या वासाने माशाचा उग्रपणा मोडतो आणि चव तशीच राहते.

शनिवार : वायरीची रापण

पहाटे दारावर थाप. जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा सुटला होता, समुद्र शांत होता आणि तांडेलांनी होकार दिला होता. अंगात स्वेटर घालावा इतका गारवा, किनाऱ्यावर धुकं.

आम्ही पोचलो तेव्हा होडी पाण्यात होती. रापणीची पद्धत अशी : जाळ्याच्या एका टोकाचा दोर किनाऱ्यावर ठेवायचा, होडीने वल्हवत आत जाऊन अर्धवर्तुळात जाळं सोडत यायचं आणि दुसऱ्या टोकाचा दोर दूरवर किनाऱ्याला आणायचा. मग दोन्हीकडे माणसांच्या रांगा लागतात आणि ओढणं सुरू होतं. त्या सकाळी दोन्ही बाजू मिळून पन्नासेक माणसं असावीत. म्हातारे होते, कॉलेजातली पोरं होती, बायकाही होत्या. मागे चालत जायचं, रांगेच्या शेवटी पोचलेल्याने दोर सोडून पुढे पाण्याकडे यायचं आणि पुन्हा धरायचं. सुटलेला दोर एक जण गोल गुंडाळून ठेवत होता.

"बघतास काय? धरा दोरी!" एका आजोबांनी सांगितलं. आम्ही धरली. दोर काथ्यासारखा खरखरीत, खाऱ्या पाण्याने जड झालेला. पहिल्या पाच मिनिटांत तळहात लाल होतात. पण रांगेची एक लय असते, ती सापडली की हात कमी दुखतात आणि सगळं वजन पायांवर घेता येतं. समोरची रांग हळूहळू आमच्याकडे सरकत होती. जाळं जवळ येतं तशा दोन्ही रांगा एकमेकींकडे सरकत जातात.

दोन तासांनी जाळ्याची बाजू पाण्याबाहेर दिसू लागली. वर ब्राह्मणी घारी घिरट्या घालायला लागल्या. तांडेल कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून ओरडत होते, एका बाजूला "ओढा", दुसऱ्या बाजूला "रवा रवा", म्हणजे थांबा. दोन्ही बाजू सारख्या यायला हव्यात, एक जरी पुढे गेली तर तळाची कड वर उचलली जाते आणि मासा खालून निसटतो. शेवटच्या काही हातांत पाणी उकळल्यासारखं झालं. मधलं पोट वाळूवर आलं तेव्हा त्यात तारली होती, बांगडुले होते, मुडदुशे, चार कुर्ल्या, ढीगभर जेलीफिश आणि काही केंड. केंड म्हणजे फुगणारा मासा. त्याचे दात जाळं कुरतडतात, गेली काही वर्षं त्याने इथल्या मच्छीमारांना हैराण केलंय. त्याला खाणारे मोठे मासे कमी झाले म्हणून हा वाढला, असं इथले लोक सांगतात आणि शास्त्रज्ञांचंही तसंच म्हणणं आहे.

मी वाळूत बसून तारली निवडायला मदत केली. खवले बोटांना चिकटतात आणि दिवसभर निघत नाहीत. त्यात करंगळीएवढी लहान पोरंही होती. तांडेलांनी त्यातली एक उचलून हातावर ठेवली आणि म्हणाले, "ही पुढच्या वर्षाची." जिवंत होती ती त्यांनी पाण्यात फेकली, पण बरीचशी जाळ्यात दाबून मेली होती. रापणीत पिल्लं येतच नाहीत असं कोणी म्हणू नये, येतात. फरक इतकाच, की रापण जिथे टाकतात तिथेच आणि दिवसातून एक-दोनदाच टाकतात, आणि माणसांच्या हातांत जेवढा जोर तेवढंच जाळं येतं.

वाटणी तिथेच वाळूवर झाली. ही रापण एका संघाची. संघातल्या घरांचे वाटे ठरलेले, होडीचा आणि जाळ्याचा वाटा वेगळा, दोर ओढायला आलेल्यांना त्यांचा. ज्या घरातला कमावता माणूस गेलाय तिथेही एक वाटा गेला. आम्हाला दोघांना मिळून ओंजळभर तारली आणि एक कुर्ली मिळाली. आम्ही पैसे देऊ केले तर तांडेल म्हणाले, "दोरी धरलास ना? मग?"

नंतर चहा पिताना त्यांनी जे सांगितलं त्यावर मी पुढचे सगळे दिवस विचार करत होते. "रापण मासळेच्या मागे धावणा नाय. मासळी किनाऱ्यार इली तर गावतली, नाय इली तर आमी घराक जातलव." पूर्वी दिवाळीच्या सुमाराला थवा इतका जवळ यायचा, की किनाऱ्यावरून पाण्याचा रंग काळपट दिसायचा आणि माडावर चढलेला माणूस हाक द्यायचा. आता तोच थवा बाहेरच अडवला जातो. रापणीला राहतो तो उरलासुरला.

रापण बघायला जाणार असाल तर ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत जा आणि निदान तीन रात्री एकाच गावात राहा, कारण एखादी सकाळ वाऱ्याने फुकट जाते. आदल्या संध्याकाळी घरमालकांकडे चौकशी करा. पाय भिजले तरी चालतील अशा चपला घाला. दोराच्या आतल्या बाजूला कधीही उभं राहू नका, फोटोसाठी तर मुळीच नको. ताण सुटला तर दोर पायात गुंतून माणूस पडतो. आणि जाळं वर आल्याबरोबर मासे हातात घेऊन सेल्फी काढायला धावू नका, तो त्या लोकांचा सर्वात घाईचा क्षण असतो.

रविवार : आचरा

मालवणहून सर्जेकोट, तोंडवळी करत आचऱ्याला. सर्जेकोटच्या खाडीपाशी थोडं थांबलो, तोंडवळीला सुरूच्या बनात डबा खाल्ला. संध्याकाळी आचऱ्याला एका गिलनेटवाल्या, म्हणजे मासा कल्ल्याशी अडकतो असं जाळं लावणाऱ्या, मच्छीमाराच्या पडवीत बसलो होतो. तो जाळं सांधत होता आणि बोलत होता, हात एकदाही थांबला नाही.

थवा बाहेरच अडवणारं पर्ससीन जाळं म्हणजे काय ते त्याने आम्हाला जाळ्याच्या तुकड्यावर दाखवलं. यंत्रावर थवा शोधायचा, त्याच्याभोवती जाळ्याची भिंत उभी करायची आणि खालच्या कड्यांतून ओवलेला दोर बटव्याच्या नाडीसारखा ओढायचा. आख्खा थवा आत. तारली आणि बांगडा थव्यानेच राहतात, तीच त्यांची स्वतःला वाचवायची रीत आहे आणि या जाळ्यापुढे तीच त्यांच्या मुळावर येते. कर्नाटकात 1970 च्या दशकाच्या मध्यात हे जाळं व्यापारी प्रमाणावर आलं. त्याच दशकात शेजारच्या गोव्यात रापणकार यंत्राने जाळं ओढत नेणाऱ्या ट्रॉलर नौकांच्या विरोधात रस्त्यावर उतरले, मातान्ही साल्ढाणांसारखे नेते त्या लढ्यातून पुढे आले आणि 1980 साली गोव्याचा सागरी मासेमारी कायदा झाला. महाराष्ट्राचा कायदा 1981 चा.

आपल्याकडे पर्ससीनवर खरं बंधन आलं ते डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर, 5 फेब्रुवारी 2016 च्या शासन आदेशाने. पर्ससीनची मासेमारी 1 सप्टेंबर ते 31 डिसेंबर एवढीच, ठरवून दिलेल्या भागातच, आणि परवाने 494 वरून टप्प्याटप्प्याने 182 पर्यंत आणायचे. एलईडी दिवे लावून मासेमारीला केंद्राने 2017 मध्ये बंदी घातली. राज्याने 2021 मध्ये कायदा कडक करून एलईडीसाठी 5 ते 20 लाखांचा दंड ठेवला. जानेवारी 2025 पासून किनाऱ्यावर ड्रोनने पाळतही सुरू झाली.

"कायदो चांगलो आसा," तो म्हणाला. "रात्रीचो कोण बघता?" सिंधुदुर्गाचा किनारा 121 किलोमीटरचा. परराज्यांतले हायस्पीड ट्रॉलर अंधारात किनाऱ्याजवळ येतात, याची जाळी तोडून जातात. गेल्या हंगामात त्याची अर्धी जाळी अशीच गेली. भरपाई कोण देणार? सांधत होता ते त्याच जाळ्याचं उरलेलं.

रात्री जेवून पुळणीवर गेलो. चंद्र उगवायचा होता. लाट फुटली आणि तिच्या कडेने निळा प्रकाश धावत गेला. पाण्यात पाय घातला तर पावलाभोवती प्रकाश. हिवाळ्यात या किनाऱ्यावर नॉक्टिल्युका नावाचा सूक्ष्म जीव वाढतो, पाणी ढवळलं की तो चमकतो. आमच्याबरोबर आलेला तो मच्छीमार आत बोट दाखवून सांगत होता, की काळोख्या रात्री थवा पाण्यातून गेला तर असाच उजेड हलतो, त्याचे वडील त्यावरूनच थवा ओळखायचे आणि उजेडाच्या चालीवरून तारली की बांगडा ते सांगायचे. आम्ही बराच वेळ बघत राहिलो, थवा काही दिसला नाही. हा उजेड बघायला जायचं तर अमावास्येच्या आसपासचे दिवस आणि दिवे नसलेली पुळण निवडा.

सोमवार : देवगड

या दिवशी फारसं काही घडलं नाही. किल्ला, दीपगृह, बंदर. दुपारी ऊन इतकं, की नोव्हेंबर वाटेना. बंदरावर बर्फाच्या लाद्या फोडणाऱ्या मुलांशी गप्पा झाल्या. संध्याकाळी खानावळीत हळदीच्या पानात गुंडाळून तव्यावर भाजलेले पेडवे खाल्ले. पेडवा हा तारलीचा धाकटा भाऊबंद, काटे आणखी बारीक. मीठ, हळद, आलं-लसूण, कोकमाचं आगळ, बस. हळदीचं पान अजून हिरवं मिळत असेल तोवरच हा पदार्थ खायचा. थंडी सरता सरता पानं वाळून जातात.

वाचायला सोबत थोडे कागद घेतले होते ते इथे वाचले. तारलीचं आयुष्य जेमतेम अडीच वर्षांचं. साधारण वर्षाची, पंधरा सेंटिमीटरच्या आसपासची झाली की ती अंडी घालते, तेही मुख्यतः पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर. पावसाळी वाऱ्यांनी खोल पाणी वर येतं, त्यातल्या क्षारांवर सूक्ष्म वनस्पती वाढतात आणि त्यावर तारली पोसते. एखाद्या वर्षी हे गणित बिघडलं, समुद्र जास्त तापला, की पोरं जगत नाहीत. 2015-16 च्या एल निन्योनंतर तारली घसरली ती अशी. म्हणजे कोणी एकही जाळं टाकलं नाही तरी तारली वर-खाली होणारच. त्यामुळेच 1 जून ते 31 जुलै ही मासेमारी बंदी तिच्यासाठी लाखमोलाची आहे, आणि खरं तर अपुरी आहे, कारण अंडी घालणं त्यानंतरही चालू असतं. आपल्या बापजाद्यांनी नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या वर ओढून ठेवल्या, त्याला वादळाची भीती हे कारण होतंच, पण माशाला त्या काळात उसंत मिळत होती.

मंगळवार : मिरकरवाडा, रत्नागिरी

शेवटचा टप्पा मुद्दाम पर्ससीनवाल्यांच्या बंदरात ठेवला होता. मिरकरवाड्याला सकाळी पोचलो तर धक्क्यावर पाय ठेवायला जागा नाही. नौका एकमेकींना लागून उभ्या, जाळ्यांचे काळे ढीग, क्रेट, बर्फाच्या गाड्या, नेपाळहून आलेले खलाशी. तारली इथे टोपलीने मोजत नाहीत, क्रेटने मोजतात. एका बाजूला चांगला मासा बर्फात भरला जात होता. दुसऱ्या बाजूला उघड्या टेम्पोत बर्फाशिवाय पसरलेला ढीग होता, त्यात वायरीला तांडेलांनी हातावर धरली होती तेवढीच लहान तारली. तो माल फिशमीलच्या कारखान्याला जाणार होता. सुमारे चार-पाच किलो ताज्या माशाची एक किलो पूड होते आणि ती कोळंबीच्या, कोंबड्यांच्या खाद्यात जाते. माणसाच्या ताटातला स्वस्त मासा असा निघून जातो, हे पाहून मला फार वाईट वाटलं. अजूनही वाटतं.

एका नौकामालकाने आम्हाला नौकेवर घेतलं. बाबा म्हणावं अशा वयाचे, लहानपणी स्वतः वल्ही मारलेले. परवाना, जाळ्याची आस म्हणजे भोकाचं माप, सगळं त्यांनी दाखवलं. त्यांचं म्हणणं असं, की नियमाने चालणाऱ्याला चार महिनेच मिळतात, डिझेल आणि खलाशांचे पगार कर्जावर चालतात, आणि विनापरवाना नौका त्याच पाण्यात मासा नेतात. "नौका निम्म्या झाल्या ना, तर माझी एकटी फायद्यात चालेल. पण आधी कोणी सोडायचं?" त्यांनी विचारलं. दंड भरूनही परवडतो, असं ज्याचं गणित आहे तो सोडणार नाही. त्यांची पर्ससीन संपावी असं मला वाटत नाही. पण वायरीच्या तांडेलांची बाजू मला जास्त पटते, कारण तारलीवर त्यांनी कधी कर्ज काढलेलं नाही आणि म्हणून वाईट वर्षी ते थांबू शकतात. कर्जावर चालणारी नौका थांबू शकत नाही.

केरळाने दहा सेंटिमीटरपेक्षा लहान तारली पकडायला आणि विकायला बंदी घातलीय. महाराष्ट्रानेही 2023 मध्ये 54 प्रकारच्या माशांना किमान आकार ठरवून दिला. मिरकरवाड्याच्या त्या टेम्पोपाशी मात्र कोणी पट्टी घेऊन उभं नव्हतं. तारली भरभरून आलेल्या वर्षी हे माप काटेकोर पाळलं तरच त्याचा उपयोग. पडत्या वर्षी मोजायला मासाच उरत नाही.

रत्नागिरीत वेळ असेल तर झाडगावच्या सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्राचं मत्स्यालय आणि संग्रहालय बघा, मुलं असतील तर नक्कीच. देवमाशाचा सांगाडा तिथे आहे. मासे घरी न्यायचे तर थर्माकोलचा डबा बंदराजवळच मिळतो. तारली साफ करून, मीठ-हळद लावून, बर्फात घालूनच न्या, नाहीतर डब्यातले सहप्रवासी तुम्हाला माफ करणार नाहीत. शहरातल्या बाजारात घेताना आपल्या हाताच्या पंजापेक्षा लहान तारली घेऊ नका आणि विक्रेत्याला कारण सांगा.

पर्ससीनचा हंगाम 31 डिसेंबरला बंद होतो. जानेवारीत रापणीला काय लागतं ते बघायला आम्ही पुन्हा वायरीला जाणार आहोत. तांडेलांनी आधी फोन करायला सांगितलंय, म्हणजे वारा बघून ते दिवस सांगतील.